दहापैकी किती

शनिवारी सकाळची शाळा आटोपून कुसुमबाई कुडवा वस्तीतल्या घरी आल्या आणि जेवण होताच चिठ्ठ्यांची पिशवी दारापुढच्या ओट्यावर रिकामी करून बसल्या.

शाळा मोठी होती, दोन हजारांवर पोरांची. पोरांनी आणि पालकांनी शाळेबद्दलचं मत निनावी लिहून पेटीत टाकायचं, आणि मराठीच्या कुसुमबाईंनी त्याचा गोषवारा मुख्याध्यापकांना द्यायचा, अशी दरवर्षीची पद्धत. बाईंनी तिच्यात आपली एक भर घातली होती. त्या चिठ्ठ्याही लाल पेनाने तपासत. बिनचूक मराठी असली की दहापैकी दहा.

"ऐक अल्का. 'शाळा बहुत अच्छी आहे.' हिंदीचे चार कापले, राहिले सहा. आणि हे पाहा. 'गणिताचे सर मारत नाहीत, पण टोमणे असे मारतात की मार परवडला.' दहा! एक काना इकडचा तिकडे नाही."

अल्का हसली. ती बाईंची एकुलती मुलगी, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. तिची रुची त्याच शाळेत सहावीत होती.

"तू टाकली का रुचीच्या पालकाची चिठ्ठी?"

"टाकली ना."

"काय लिहिलं?"

"शाळा छान आहे."

"बस्स?"

"बस्स."

भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक निबंध टाचला होता. धुरपताचा. देवरीकडच्या खेड्यातली ही मुलगी वसतिगृहात राहून दहावी करत होती. शाळा सुटल्यावर बाई तिला तासभर शिकवत. सकाळी दोन डबे भरत, एक स्वतःचा, एक तिचा. पावसाळ्यात अल्काने आईसाठी आणलेला रेनकोट आठवड्याभरात धुरपताच्या अंगावर दिसला होता.

निबंधाखाली लाल शाईत दहापैकी दहा होते.

"यात 'आशीर्वाद' चुकलाय," अल्का एकदा म्हणाली होती.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या होत्या. "तिच्या घरी एक पुस्तक नाही गं."

अल्का याच शाळेत, बाईंच्याच वर्गात शिकली होती. स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून बाई तिचा एक गुण न चुकता कापत. निबंधात खोट नसली तरी दहापैकी नऊच. 'माझं काय चुकलं?' असं विचारलं की 'काही नाही' म्हणत आणि पुढची वही उघडत. अल्काचा निबंध भिंतीवर कधी लागला नाही.

बाईंनी पुढची चिठ्ठी उचलली आणि वाचली.

"'कुसुमबाईंचा सगळा जीव एका मुलीत आहे. बाकीच्यांनी काय गुन्हा केला? आपल्या वाट्याची माया दुसऱ्याच्या ताटात पडताना पाहणं सोपं नसतं.'"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"लोक काहीही लिहितात," अल्का म्हणाली.

"डाव्या हाताने लिहिलंय. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून." बाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा मनात वाचली. "पण चूक एक नाही."

त्यांनी तळाशी लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि घडी घातली.

"किती दिले?"

"दिले." बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चहा घेऊनच जा. आलं जास्त टाकते, तुला लागते ना."

"राहू दे आई, उशीर होऊन राहिला. उद्या येईन."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आल्यामुळे अल्काचं जाणं झालं नाही. सोमवारी प्रार्थनेच्या आधी कुसुमबाई शाळेच्या जिन्यावर क्षणभर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

बाई गेल्यानंतरचा जलदानविधी आटोपल्यावर आईचं कपाट रिकामं करायला अल्का शाळेत गेली. मुख्याध्यापक योगराज सरांच्या खोलीत धुरपता उभी होती, पायाशी पत्र्याची पेटी. शेजारी तिची आई जमुनाबाई. धुरपताने रेनकोटाची नीट घडी करून तो टेबलावर ठेवला होता.

"दाखला द्या सर," जमुनाबाई म्हणत होती. "धान कापाचं सोडून आली मी."

"अहो, दहावी आहे तिची. चार महिने राहिले."

"माह्या पोरीपायी बाईनं जिवाले लावून घेतलं, म्हून बाई गेल्या, असे म्हनून राहिले पोट्टे. मायबापही तेच बोलतेत. कायले ठेवू तिले इथं?"

धुरपता खाली पाहत होती. तिचे डोळे सुजले होते. अल्काला वाटलं, आपल्यापेक्षाही जास्त सुजलेत.

योगराज सर अल्काकडे वळले. "त्या दिवशी बाईंची पिशवी ऑफिसात उघडली गेली, ताई. एका क्लार्कने ही चिठ्ठी वाचली आणि दुपारपर्यंत शाळाभर झाली. भाषा पोरांची नाही, लिहिणारा कोणी पालकच आहे. तो समोर आला असता, तर त्याला उभं करून पोट्ट्यांना सांगितलं असतं की यात या पोरीचा दोष नाही. पण निनावी चिठ्ठी, कोण कबूल होते?"

त्यांनी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "आणि बाई पाहा. असल्या चिठ्ठीलाही गुण देऊन गेल्या."

अल्काने घडी उघडली. वाकडं अक्षर. एकाही शब्दाखाली लाल रेघ नाही. तळाशी आईच्या हातचा आकडा होता.

नऊ.

जमुनाबाईने पेटीची कडी धरली. "चाल धुरपता."

"थांबा, जमुनाबाई," अल्का म्हणाली. "ही चिठ्ठी माझी आहे."