कोणाचीच हरकत नाही

१९४१ साल. जसोंडीशेजारच्या लालबाग गावच्या चौकात गिरधरच्या चहाच्या दुकानात रेडिओ होता. त्यावर मुंबईचा भाव ऐकूनच आम्ही जसोंडीवाले कापूस विकायचो. गावातले बाकीचे दोन्ही रेडिओ कापूस घेणाऱ्या शेठने आधीच गिळले होते. आता गिरधरचं रेडिओचं लायसनही कचेरीतल्या साहेबाने शेठच्या नावावर करून दिलं.

आमची सोजरबाई तडक कचेरीत गेली. "आम्हाला न विचारता कसं दिलं?"

"हरकत असेल त्याने यावं, अशी दवंडी पिटवली होती. कोणीच आलं नाही," साहेब म्हणाला.

सोजरबाई दाराशी उभ्या दवंडीवाल्याकडे वळली. "कडूभाऊ, कुठं पिटली रे दवंडी?"



"शेठच्या दिवाणखान्यात, मावशी. आतून कडी लावून. ऐकायला साहेब होते की."