नामावलीतलं बाळ

कॅनडातल्या एडमंटनमध्ये राक्षस-जादूगारांचे लांबलचक व्हिडिओ गेम बनवणारा एक स्टुडिओ होता. गेम तयार होत असताना कुणाच्या घरी पाळणा हलला, तर त्या बाळाचं नाव गेमच्या शेवटी झळकणाऱ्या नामावलीत घालायची तिथली जुनी रीत. तिथे कामाला असलेल्या मायरनने लेक दारिया आठ दिवसांची असतानाच तिचं नाव देऊन टाकलं. "पुढच्या नाताळात गेम बाजारात!" असं तो बायकोला छातीठोकपणे सांगत राहिला, आणि असे नऊ नाताळ गेले.

अखेर गेम आला. शाळेतून आलेल्या दारियाला बर्फातले बूटही काढू न देता मायरनने टीव्हीसमोर उभं केलं. 'आमची बाळं' या मथळ्याखाली स्वतःचं नाव वाचून ती फणकारली, "बाळ? बाबा, मी चौथीत आहे!"

मग हात पुढे करत म्हणाली, "दे इकडे, मला खेळायचंय."

मायरन ओशाळला. खोक्यावरचा '१७+' शिक्का दाखवत म्हणाला, "नाही गं राणी, यात मुंडकी उडतात. सतरा वर्षांची झालीस की खेळ."

दारियाने बोटांवर वर्षं मोजली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला.



"चालेल बाबा. तुमचा दुसरा भाग येईस्तोवर मी सतराची झालेलीच असेन."