तिसऱ्या राणीची जागा

"बारापर्यंत थांबते," रोझलिंड म्हणाली. "बारा वाजले की टॅम्सिन तिसरी होऊन बसेल. लोक सहा राण्या बघायला येतात, नॉर्मन. पाच बघायला नाही."

नॉर्मन पास्क पोटावर उशी बांधत होता. सत्तरी आली तरी आठव्या हेन्रीला शोभेल असं पोट त्याला काही सुटलं नव्हतं. "कोणीतरी विचारेल तिच्याबद्दल," तो म्हणाला.

"तिसरीबद्दल? अरे, आजवर कोणी विचारलंय?" रोझलिंडनं मागून त्याचे बंद आवळले. ती स्वतः पहिली राणी. शिवाय सगळ्यांच्या पाळ्या तीच लावायची, त्यामुळे तिच्यापुढे राजाचंही काही चालत नसे.

वेदरकोट हाउस या जुन्या वाड्याच्या मोठ्या दालनात दर सुट्टीच्या सोमवारी, वाडा बघायला येणाऱ्यांसाठी, राजा मधल्या खुर्चीत बसायचा आणि राण्या दोन्ही बाजूंच्या स्टुलांवर. खऱ्या राजाला जे जन्मात जमलं नाही ते इथं जमलं होतं. सहाही जणी एका रांगेत, गुण्यागोविंदानं. नियम एकच होता, पण कडक. पोशाख चढवला की आपण आपण नाही. राजाला काही विचारलं तर राजानंच उत्तर द्यायचं.

त्याच्या डाव्या हाताचं स्टूल आज रिकामं होतं. तिथं अकरा वर्षं त्याची बायको तिसरी राणी होऊन बसली. "मला मेलीला सगळ्यात बेचव मरण आलंय," ग्लेनिस म्हणायची. "तलवार नाही, कुऱ्हाड नाही. नुसता ताप." फोटोसाठी तिच्याकडे कोणी फिरकत नसे. मग ती ओठ न हलवता नॉर्मनला सांगायची की घरी कालचा रस्सा उरलाय, जाताना फक्त पाव घ्यायचाय. नियम मोडायचा तर तिनंच.

या हिवाळ्यात ती गेली. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी शिजवून आणून दिलं, पत्रं आली, फोन आले. मग सगळे आपापल्या कामाला लागले. गेल्या कित्येक दिवसांत नॉर्मनच्या तोंडून ग्लेनिसचं नाव निघालं नव्हतं, कारण कोणी काढलंच नव्हतं. एवढी एक सकाळ तिची जागा तिचीच राहावी आणि कोणाच्या तरी लक्षात यावं की इथं एक माणूस कमी आहे, इतकंच त्याचं मागणं होतं.

दहा वाजता दार उघडलं आणि झुंबड उडाली. पाचशे वर्षं होत आली, तरी या ट्यूडर घराण्याच्या भानगडी लोकांना शेजारच्या घरातल्यासारख्या ताज्या वाटतात. दुसऱ्या राणीपुढे रांग लागली.

"मान उडवली ती तलवारीनं की कुऱ्हाडीनं हो?"

"तलवारीनं," दुसरी राणी मान उंच करून म्हणाली. "माणूस खास फ्रान्सहून मागवला होता."

पाचवीपुढेही गर्दी होती. चौथी आणि सहावी जीव वाचवून बसलेल्या, त्यांच्याकडे बेताचीच. एका लाल तोंडाच्या गृहस्थानं नॉर्मनच्या खांद्यावर हात टाकला. "काय महाराज, पुढची कोण? आमची घेऊन जाता का? भांडायला पक्की आहे." नॉर्मन राजासारखा गडगडून हसला. हसताना उशी वर सरकली.

अकराच्या सुमाराला त्याच गृहस्थानं आपली पिशवी रिकाम्या स्टुलावर ठेवली आणि दुसऱ्या राणीशेजारी फोटोला उभा राहिला. नंतर एक बाई त्यावर बसून बुटाची नाडी बांधून गेली. कोणी काही विचारलं नाही. तबेल्यावरच्या घड्याळानं पावणेबाराचा टोला दिला, आणि दाराशी करड्या झग्यात टॅम्सिन येऊन उभी राहिली. झगा ग्लेनिसचाच होता, कमरेत आत घेतलेला. पोरगी बिचारी खाली बघत होती.

तेवढ्यात निळ्या रेनकोटातल्या एक वयस्क बाई रांगेतून बाहेर आल्या. हातात माहितीपुस्तिका. त्यांनी बोटानं राण्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या. "तिसरी. तिसरी कुठे आहे, महाराज?"

सकाळपासून नॉर्मन याच प्रश्नाची वाट बघत होता.

"ती आजारी पडली," तो म्हणाला. "आणि गेली. फेब्रुवारीत."

रोझलिंडनं झटकन त्याच्याकडे पाहिलं.

बाई हसल्या. पोराची चूक सापडलेल्या मास्तरणीचं हसू होतं ते, प्रेमळ आणि पक्कं. "ऑक्टोबरमध्ये, महाराज. चोवीस तारखेला. मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी गेली. राजानं तरी असं चुकू नये."

लोक हसले. कोणीतरी टाळी दिली.

"फेब्रुवारीत," नॉर्मन म्हणाला.

"अहो, चाळीस वर्षं शिकवलंय मी हे." बाईंनी पुस्तिका उघडली, पान शोधलं आणि ओळीखाली बोट धरून त्याच्यापुढे केली. "वाचा बघू."

नॉर्मननं ती ओळ वाचली. सावकाश, शेवटपर्यंत. मग पिसाची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंगळवार होता, बाई," तो म्हणाला. "मी फक्त चहा करायला खाली गेलो होतो."