कोरा रकाना

ज. ता. म्हणजे जन्मतारीख, ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम, सं. क्र. म्हणजे संपर्क क्रमांक. हे पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून बाईंनी वर्गातच सरकारी कार्यालय थाटलं. "एकही रकाना कोरा दिसला, तर अर्ज परत!" असा दमही भरला. शेवटी पोरांच्या हट्टापायी त्या स्वतःच अर्जदार झाल्या. टेबलामागे साहेब म्हणून चिमणी बसली, नाकावर बाईंचाच चष्मा.

"ज. ता.?"

बाईंनी सांगितली.

"ह. मु.?"

तोही सांगितला.

"घरच्या माणसाचा सं. क्र.?"

बाई हातातल्या खडूशी चाळा करत राहिल्या. "तेवढा राहू दे गं कोरा."

चिमणीने चष्म्यावरून डोळे वटारले.



"कोरा चालत नाही, बाई. माझ्या आईचा टाकते."