अळंबीचा चाकू

पहिला घास रिम्माने घेतला, दोनदा चावला आणि कागदी रुमालात काढून टाकला. सून असती तर सासूच्या भिडेखातर गिळला असता. पण रिम्मा पोटची लेक, तिला कसला मुलाहिजा!

"आई, कडू आहे," ती म्हणाली. "कडूजहर."

टेबलाच्या मधोमध बिडाचं भांडं वाफाळत होतं. दोन तास ओव्हनमध्ये मुरलेलं बीफ, कांदा, आंबट साय आणि सकाळीच रानातून आणलेली अळंबी. वास असा, की जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याने थबकावं. रिम्माचा भाऊ विताली चमचा तोंडात घालून बसला होता. त्याने कसंबसं गिळलं आणि गुपचूप पाण्याचा पेला ओढला. आईच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाचं जेवण होतं ते.

वितालीच्या बायकोने, झान्नाने, चव घेतलीच नाही. तिला गरज नव्हती. रिम्माच्या तोंडून 'कडू' हा शब्द निघाला तेव्हाच तिने चमचा खाली ठेवला होता.

तिला सकाळी पाइनच्या झाडांखाली तीन अळंबी सापडली होती. गुबगुबीत, तपकिरी टोपीची, सासूच्या टोपलीतल्या सगळ्यांहून देखणी. टोपीखाली जराशी गुलाबी छटा होती, कडू जातीची खूण, पण हौसेपुढे ती कोणाला दिसतेय! सासूच्या, फाइना येगोरोव्हनाच्या, घरात नियम एकच होता. प्रत्येक अळंबं कापायचं, कापल्या जागी जिभेचं टोक लावायचं आणि मगच ते पातेल्यात टाकायचं. कडू जातीचं एक जरी आत गेलं, तर आंब्याच्या अढीतल्या नासक्यासारखं ते सगळ्यांची वाट लावतं. झान्ना आस्त्राखानची, नदीकाठची. "आमची सून मासे डोळे मिटून ओळखते, अळंबी मात्र डोळे उघडूनही नाही," हा सासूचा विनोद ती नऊ वर्षं ऐकत आली होती. म्हणून सासू आंबट साय आणायला खाली दुकानात गेली तेवढ्यात तिने ती तिन्ही चिरून कढईत लोटली. जीभ लावली नाही. आता आपल्यालाही नजर आलीय, असं तिला वाटलं होतं. सगळे बोटं चाटायला लागले की मग सांगायचं, सगळ्यांत चांगली ती माझी होती म्हणून.

फाइना येगोरोव्हनाने आपला घास सावकाश चावला आणि पुरता गिळला. मग चष्मा काढून ॲप्रनला पुसला. सकाळी रानात हाच चष्मा पिशवीत पडून होता आणि दहा पावलांवरून पानांखालची अळंबी म्हातारी बोटाने दाखवत होती.

"माझ्या हातून निसटलं," ती म्हणाली.

रिम्माला तेवढंच हवं होतं. रानात जाणं सोड, असं ती दोन वर्षं आईच्या मागे लागली होती. आज नुसतं कडू निघालं म्हणून वाचलो, पुढल्या खेपेला विषारी निघालं तर काय, असं तिने विचारलं. एरवी म्हातारीने लेकीला तिथल्या तिथे झापलं असतं. आज ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. तिच्यापासून सप्टेंबरचं रान काढून घेतलं, तर उरलेले अकरा महिने ती कशाच्या आशेवर काढणार, हे झान्नाला पक्कं ठाऊक होतं.

"आई, ते..." झान्नाने तोंड उघडलं.

"तू नको माझी बाजू घेऊस, पोरी."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच सासू तिला 'पोरी' म्हणाली होती. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. झान्ना मूग गिळून बसली. शरमेने तिला ताटाकडेसुद्धा बघवेना.

म्हातारी उठली. दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला चाकू तिने काढून आणला. भुर्जाच्या लाकडाची मूठ, धार लावून लावून अर्ध्यावर आलेलं पातं. तो तिने सुनेच्या ताटाशेजारी ठेवला.

"आता तू जात जा. तुझी नजर तरणी आहे. आणि तू नेमाची आहेस. जीभ लावायला कधी विसरलीस का?"

सगळे झान्नाकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर."

चाकू फुकट घेऊ नये, घरात भांडणं लागतात, अशी रिम्माने आठवण करून दिली. वितालीने हसत खिसा चाचपला आणि एक नाणं बायकोच्या हातात सरकवलं. झान्नाने ते सासूच्या तळहातावर ठेवलं. चाकू तिचा झाला.

फाइना येगोरोव्हनाने मूठ मिटली नाही. खिडकीतून भर दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. तिने चष्मा चढवला, नाणं डोळ्यांजवळ नेलं, पालटून पाहिलं, परत पालटलं. मग हात सुनेपुढे केला.

"एक रूबल आहे की दोन? तूच बघून सांग बाई. माझा आता भरवसा नाही."