कुटाराखालची अंडी

कोंबड्यांमध्ये राजहंसांची जोडी सोडायची म्हणून रोहिणखेडच्या कडूबाभाऊंनी भेटेल त्याचा सल्ला घेतला. राजहंस चिखल करतात, पाण्याचं घमेलं वेगळं ठेवा. कोंबड्यांना उंचावर बसायला जागा द्या. सगळं त्यांनी मन लावून केलं. कोंबड्यांची अंडी मिळू लागली. राजहंसाची मादीही रोज कोपऱ्यात बसायची, पण उठली की तिथं खाली अंथरलेला भुसा, नुसतंच कुटार. खुराडं झाडायला येणाऱ्या झुंबरबाईंना त्यांनी भर रस्त्यात विचारलं, "अंडी घरी नेली का व?" गल्ली थांबून ऐकत होती. बाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या निघून गेल्या.

चार दिवसांनी कुटार बदलताना खालून पाच अंडी निघाली.

"हाव, मादी उठतानी अंडी झाकूनच जाते," शेजारी म्हणाला. "तुम्ही इचारलंच नाही."

दुपारी सगळे रानात गेल्यावर कडूबाभाऊ दुपट्ट्याखाली दोन अंडी घेऊन झुंबरबाईंच्या दारात उभे राहिले. "चुकलं बाई माहं," ते पुटपुटले. "उद्यापासून ये."

झुंबरबाईंनी रिकाम्या गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

"त्या दिवशी साऱ्या गल्लीले आयकू गेलं होतं, भाऊ. आज काऊन एवढं हळू बोलून राह्यले?"