पाटाकडेचा खड्डा

पाटाच्या कडेच्या मुरमाड रस्त्यावर अहिररावांची सायकल खड्ड्यात गेली आणि ते थेट द्राक्षबागेच्या कुंपणाला जाऊन आपटले.

घडांना पेपर लावणारी बाई धावत आली. "रोजचा रस्ता ना काका तुमचा? एवढा खड्डा ठाऊक नाही?"

"बायकोची सायकल पुढे असायची," ते कोपर झटकत म्हणाले.

दिवाळीत ती गेली, तेव्हापासून यांनी सायकल आजच बाहेर काढली होती. त्याआधी नऊ वर्षं ती पुढून ओरडायची, "खड्डा!" हे मागून ठोकून द्यायचे, "बघितला!" बघायचे मात्र फक्त तिच्या पाठीवरचा घामेजलेला निळा कुर्ता.

बाईने इकडेतिकडे पाहिलं. "मग आज कुठं राहिल्या?"

अहिररावांनी सायकल उचलली, चेन बसवली. तो खड्डा पहिल्यांदाच नीट न्याहाळला. मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून हळूच म्हणाले, "बघितला."